नोस्केची डावी रायफल

एल्विन शिर्मरला शिसारी यायला फार काही लागत नसे. क्लबातल्या चहाच्या कपाला कुणाच्या ओठांचा डाग दिसला की कप पालथा. सॉसेज खाऊन चाटलेली बोटं कुणी त्याच्या काडतुसांच्या डबीला लावली की लगेच फडकं बाहेर. आणि मापात, वजनात किंवा बोलण्यात कुणी काही चोरलं, तर मग विचारूच नका. "शी!" म्हणून असा थुंकायचा की समोरच्याने आपले बूट तपासून बघावेत.

आमच्या कुराबीच्या धान्यकोठारावर चोवीस वर्षं तो ट्रकांच्या काट्यावर बसला. सुगीच्या दिवसांत शेतकरी बिअरच्या पेट्या घेऊन यायचे, पण "जरा सांभाळून घे" म्हणायची कुणाची छाती झाली नाही. सख्ख्या मेव्हण्याच्या गव्हात जिवंत किडे सापडले म्हणून त्याने अख्खा ट्रक परत पाठवला, तेव्हा बहिणीने त्या ख्रिसमसला त्याला जेवायला बोलावलं नाही. "बरंच झालं, तिचं हॅम नाहीतरी खारट असतं," म्हणाला आणि घरी उकडलेली अंडी खाल्ली.

काट्यावर यायच्या आधी तो मेंढ्या कातरायचा. जन्माचा डावखुरा. कातरायच्या यंत्राला डावा फणा लागायचा, तो खास मागवावा लागायचा, आणि मेंढी सोडताना ती शेजारच्याच्या अंगावर जायची, म्हणून शिव्या वेगळ्या. पुढे एकोणनव्वद साली धान्य वर चढवणाऱ्या यंत्राने त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं नेली. अंगठा आणि शेजारचं बोट तेवढं उरलं. कातरणं संपलं, काटा आला, आणि काही वर्षांनी शनिवारची नेमबाजी आली.

ही बाकावरची नेमबाजी पहिल्यांदा बघणाऱ्याला खेळच वाटत नाही. सिमेंटच्या बाकावर वाळूच्या पिशव्या, पिशव्यांवर रायफल, शंभर मीटरवर कागद. पाच गोळ्या मारायच्या आणि पाचही भोकं एकात एक बसली पाहिजेत. ज्याचा पुंजका सगळ्यांत लहान, तो जिंकला. मध्ये वाऱ्याची छोटी छोटी निशाणं रोवलेली असतात. ती घटकाभर एका दिशेला थांबली की तेवढ्यात पाचही गोळ्या उरकायच्या. त्यासाठी गालही हलवायचा नसतो, नुसता हात बोल्टवर, म्हणजे रिकामं काडतूस काढून नवं आत ढकलणाऱ्या दांड्यावर, जातो आणि येतो.

आता गंमत बघा. जगातल्या रायफलींचा बोल्ट उजवीकडे. एल्विनचा उजवा हात वाळूची पिशवी दाबण्यापलीकडे निकामी. म्हणून तो डाव्या खांद्याला दस्ता लावून बसायचा आणि प्रत्येक गोळीनंतर मान उचलून, डावा हात दुर्बिणीवरून पलीकडे टाकून बोल्ट ओढायचा. तेवढ्यात वारा बदलायचा आणि रायफल हलायची. एकोणीस वर्षं हा माणूस असा ओणवा होऊन नेम मारत राहिला आणि एकदाही जिंकणाऱ्याच्या शील्डला त्याचा हात लागला नाही. आणि आता मानेचे मणके घासले. डॉक्टरने स्पष्ट सांगितलं, "हे असं तिरकं वाकणं बंद. नाहीतर डाव्या हाताचीही बोटं बधिर होतील. डावी रायफल घे, नाहीतर खेळ सोड."

बायकोला जाऊन नऊ वर्षं झाली होती. मुलगी पर्थला. सोमवार ते शुक्रवार त्याच्याशी फक्त रेडिओ बोलायचा. शनिवार गेला असता तर एल्विनचं सगळंच गेलं असतं.

नवी बनवून घ्यायची म्हटलं तर अॅडलेडचा कारागीर म्हणाला, दोन वर्षं थांबावं लागेल. वर किंमत ऐकून एल्विनने फोनच कानापासून लांब धरला. दोन वर्षांनी आपण बाकावर असू की बाकाखाली, याचा काय भरवसा! तेव्हा वापरलेली शोधायची. ती शोधताना सात महिन्यांत माणसाची जात एल्विनच्या मनातून जेवढी उतरली तेवढी काट्यावरच्या चोवीस वर्षांत उतरली नव्हती.

पहिला भेटला डडली नावाचा, नदीकाठी राहणारा. जाहिरात अशी: डावी, जवळजवळ नवी. अडीचशे किलोमीटर गाडी हाकून एल्विन पोचला, तर स्वयंपाकघरात सोललेले ससे मोरीत पडलेले, त्यावर माश्या, आणि त्याच ओट्यावर रायफल. एल्विनने नाकाला रुमाल लावला आणि खिशातून नळीत घालायचा बारीक कॅमेरा काढला.

"किती गोळ्या गेल्यात हिच्यातून?"

"दोनशे. फार तर अडीचशे," डडली म्हणाला.

कॅमेऱ्यात नळीची आतली बाजू दिसली. आटलेल्या तळ्याच्या चिखलासारख्या भेगाच भेगा.

"एक शून्य गिळलंस की दोन?"

"तुझा कॅमेराच खराब असेल."

"कॅमेरा खराब, ससे ताजे, आणि तू राजा हरिश्चंद्र! शी!" एल्विन बाहेर आला आणि नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले.

दुसऱ्याने डाव्या दस्त्यात उजव्या बोल्टची रायफल बसवून दाखवली आणि वर ऐकवलं, "दस्ता डावा आहे की, आणखी किती डावं पाहिजे?" तिसऱ्याच्या नळीत उंदराने घर केलं होतं. चौथ्याने पाच गोळ्यांचा नमुना म्हणून कागद दाखवला, पण एल्विनने भिंग लावून बघितलं तर भोकाच्या कडेची वळणं तीनच, म्हणजे गोळ्याही तीनच. दर वेळी तो घरी येऊन अंघोळ करायचा. शेवटी जाहिराती वाचणंच बंद केलं. क्लबात मात्र मान धरून, कण्हत, ओणवा होऊन मारत राहिला. डाव्या हाताची करंगळी खरंच बधिर व्हायला लागली होती.

खरं तर हवी होती ती डावी रायफल कुठे आहे, हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. नव्वद किलोमीटरवरच्या तोरिनाला लोथार नोस्के राहायचा. कारखान्यात हत्यारं घडवून निवृत्त झालेला, पंच्याऐंशीचा, मितभाषी. जिल्ह्यात नेमबाजांमधला दुसरा डावखुरा तोच. स्वतःची रायफल त्याने स्वतःच्या लेथवर घडवली होती. एकदा जिल्ह्याच्या सामन्यात त्याने एल्विनला हाक मारून तिच्यावर पाच गोळ्या मारू दिल्या. बोल्ट आपण होऊन हाताशी यायचा, मान उचलावी लागली नाही. त्या पाच गोळ्या एल्विनला लग्नाच्या दिवसापेक्षा जास्त आठवायच्या. पण विकतोस का, असं जिवंत माणसाला त्याच्या रायफलीबद्दल विचारायचं नसतं. तसं विचारणं म्हणजे मरतोस कधी, असं विचारणंच.

मेल्यावर काय होतं, ते मात्र आमच्याकडे ठरलेलं आहे. परवानेवाला गेला की घरात बंदुका ठेवता येत नाहीत. बायकोला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मग जिल्ह्याचा कप्तान केल्विन येन्श अंत्यविधीच्याच कोटात "मदत" करायला जातो, यादी करतो, प्रत्येक वस्तूपुढे भाव लिहितो, आणि क्लबातले लोक जुन्यापासून नव्यापर्यंत रांगेने एकेक उचलतात. कागद सगळे कायदेशीर, परवानाधारक दुकानातून. भाव तेवढे केल्विनचे.

तीन वर्षांपूर्वी क्लबातला आल्फ झ्वार गेला तेव्हा त्याच्या शेडमध्ये हेच चाललं होतं. चार हजारांची रायफल केल्विनने सहाशेला स्वतःकडे घेतली. आल्फची बायको बिचारी सगळ्यांना सँडविच वाटत होती आणि आभार मानत होती. एल्विनला कुणीतरी तेलाची बाटली फुकट देऊ केली. त्याने ती परत फळीवर आपटली आणि ओरडला, "मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाताय रे! वर ब्रेडही लागतो तुम्हाला?" दाराशी लोथार नोस्के उभा होता. त्याने टोपी काढली, एल्विनकडे बघून मान हलवली आणि काही न घेता निघून गेला.

ऑगस्टमध्ये लोथार गेला. दफनानंतर दोनच दिवसांनी केल्विनचा फोन आला.

"एल्व्ह, बसलायस का?"

"बोल."

"लोथारची डावी. तुझी झाली म्हणून समज. तीनशे."

"तीनशे? साडेपाच हजारांच्या खाली जाणार नाही ती."

"ते तुला माहीत, मला माहीत. बाईंना कुठे माहीत? डावी आहे, कुणाच्या कामाची नाही, असं सांगून ठेवलंय मी. खोटं काय आहे त्यात? इथून अॅडलेडपर्यंत डावखुरा नेमबाज एक तूच."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं आमचं आम्ही बघू. तू फक्त झ्वारच्या वेळचा तमाशा करू नकोस. पाच मिनिटं तोंड मिटून बसायचं. जन्मात एकदा जमेल ना तुला?"

एल्विनने फोन ठेवला. मोरीत जाऊन हात धुतले. साबण लावून पुन्हा धुतले. मग परत येऊन त्याने केल्विनला फोन लावला आणि विचारलं, "किती वाजता यायचं?"

तोरिनाच्या त्या स्वयंपाकघरात सगळं लख्ख होतं. इर्मा नोस्के, लोथारची बायको, वय ऐंशी. तिने वरून साखरेचा चुरा घातलेला जर्मन केक केला होता, प्रत्येकाच्या पुढे इस्त्रीचा रुमाल ठेवला होता. केल्विन तिसरा तुकडा खात होता. चुरा त्याच्या हनुवटीला चिकटलेला होता आणि बोलताना तो यादीवर सांडत होता. टेबलाच्या टोकाला, उघड्या पेटीत, डावी रायफल होती. एल्विन तिच्याशेजारच्या खुर्चीवर बसला. न ठरवता त्याचा डावा हात पुढे गेला, बोल्ट मागे आला, पुढे गेला. आवाज ऐकून त्याने तो पुन्हा एकदा ओढला.

"एल्विन," बाई म्हणाल्या, "तू जरा बघतोस का ही यादी? मला यातलं काही कळत नाही. केल्विनने भाव लिहिलेत. बरोबर आहेत ना?"

केल्विनचं चावणं थांबलं.

एल्विनने यादी घेतली. लेथ, वजनाचा नाजूक काटा, दोन उजव्या रायफली, तीन कोऱ्या नळ्या, दुर्बिणी. ओळीओळीला दरोडा होता. सगळ्यांत खाली: डावी रायफल, तीनशे. त्याच्या बँकेत दोन हजारांच्या वर दमडी नव्हती. खरं बोललं तर ही रायफल दुकानात जाणार, जाहिरातीत लागणार, सिडनीचा कोणी डावखुरा डॉक्टर ती उचलणार. आणि आपण कण्हत, ओणवे. फार तर एक वर्ष.

"बरोबर आहे," एल्विन म्हणाला.

"सगळंच?"

"सगळंच, मिसेस नोस्के."

"बरं झालं बाई, तू होतास ते," त्या म्हणाल्या आणि त्याच्या ताटलीत केकचा मोठा तुकडा वाढला. त्याने तो खाल्ला.

खरेदीचा पोलिसांचा परवाना हातात यायला चार आठवडे लागतात. चार आठवडे म्हणजे अठ्ठावीस दिवस, आणि रोज फोन समोर. एल्विन स्वतःशीच वाद घालायचा. डावी आहे, खरंच कोण घेणार? लोथारलाही आवडलंच असतं. मी नाही म्हटलं असतं तरी केल्विनने लुटलंच असतं. असं सगळं मनात जुळवून झालं की दात घासताना आरशात तोंड दिसायचं, आणि तो दिवा मालवून अंधारात दात घासायचा. एकदा फोन लावला. पलीकडून बाईंचं "हॅलो? कोण?" ऐकलं आणि ठेवून दिला. काट्यावर कोणी असं केलं असतं, तर त्याने त्याला गव्हासकट हाकललं असतं. जेवण जाईना. पण परवाना आला त्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच तो दारात उभा होता!

शनिवारी एल्विन नव्या रायफलीसह बाकावर बसला. वारा डावीकडून, निशाणं थरथरत होती. त्याने गाल लावला आणि वाट बघितली. निशाणं थांबली. मग पाच गोळ्या अशा गेल्या की शेजारच्या बाकावरच्याची दुसरीही झाली नव्हती. मान जागची हलली नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा एल्विनचं अंग नेम मारताना कुठेच दुखलं नाही.

कागद आणला. पाच गोळ्यांचं मिळून एक भोक, वाटाणाही अडकला असता असं. माप घेणाऱ्याने दोनदा माप घेतलं आणि शिट्टी वाजवली. शील्ड आज कुणाचं, ते तिथेच ठरलं. लोक गोळा झाले. केल्विन गर्दीतून आला, हातात सॉसेज, ओठाला सॉस. त्याने एल्विनच्या पाठीत सणसणीत थाप मारली.

"काय एल्व्ह? कसं लागलं लोणी? ब्रेड आणू?"

सगळे खो खो हसले. हसण्यात राग नव्हता, हेच वाईट होतं. ते त्याला आपल्यात घेत होते. केल्विनचा चिकट हात अजून खांद्यावरच होता, आणि एल्विनने तो झटकला नाही.

हसून लोक पांगले. एल्विनने पेटीच्या कप्प्यातून रायफलीची वही काढली. नळीतून गेलेली गोळी न् गोळी वहीत मांडायची असते, त्याशिवाय नळीच्या वयावर कुणी विश्वास ठेवत नाही. लोथारच्या बारीक अक्षरात पानंच्या पानं भरलेली: तारीख, वारा, गोळ्या. एकूण अकराशे चाळीस. सात महिन्यांत खरी भेटलेली ही पहिली वही, आणि विकणारा मेलेला. आजच्या पाच गोळ्या मांडायला एल्विनने शेवटचं पान काढलं. तिथे मजकूर होता.

"इर्मा, मी गेल्यावर केल्विन यादी घेऊन येईल. त्याच्या भावाला हो म्हणू नकोस. कुराबीच्या एल्विन शिर्मरला विचार. तोंडाचा घाण आहे, पण काट्यावरचा माणूस आहे. तो सांगेल ते भाव खरे. ही डावी त्यालाच दे. त्याच्याकडे असतील तेवढ्या पैशांत दे. त्याचं ते वाकणं मला बघवत नाही."

त्याखाली थरथरत्या, गोल अक्षरात, निळ्या शाईने दोन ओळी होत्या. खाली तारीख.

"विचारलं. सगळं बरोबर आहे म्हणाला."

एल्विन बाकावरून उठला आणि बाकामागे जाऊन ओकला. लोकांना वाटलं, उन्हाने. त्याने बोल्ट काढून खिशात घातला, रायफल पेटीत ठेवली, पेटी गाडीत. "अरे, शील्ड!" केल्विन ओरडत मागे आला, "शील्ड कोण घेणार?" एल्विनने काच वर केली.

इर्मा नोस्के अंगणात कपडे वाळत घालत होत्या. त्याला बघून हसल्या आणि केकचं विचारू लागल्या. तो फाटकातच उभा राहिला.

"मिसेस नोस्के, मी खोटं बोललो. त्या यादीतला एकही भाव खरा नव्हता."

बाईंनी हातातला चिमटा दोरीला लावला, त्याला आत घेऊन गेल्या, चष्मा, यादी आणि पेन घेऊन टेबलाशी बसल्या. "सांग," म्हणाल्या, "सावकाश सांग. मला भरभर लिहिता येत नाही."

तो सांगत गेला, त्या केल्विनच्या आकड्याशेजारी लिहीत गेल्या. लेथ. नाजूक काटा. नळ्या. प्रत्येक आकड्याला त्या चष्म्यावरून एकदा बघायच्या आणि लिहायच्या. शेवटी डावी रायफल आली.

"साडेपाच हजार."

"तुझ्याकडे किती होते?"

"दोन."

"दोनमध्ये दिली असती. तीनशेतही दिली असती, तू खरं बोलून मागितली असतीस तर." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "लोथारला आवडायचास तू. घरी येऊन सांगायचा, आज एका माणसाने त्या कावळ्यांना चांगलं सुनावलं."

एल्विनने वही उघडून त्या दोन ओळी पुढे केल्या. "एवढं तरी खोडा."

"खोडता येणार नाही," बाई म्हणाल्या. "ती यादी केल्विनने पेन्सिलीने लिहिली होती. हे मी शाईने लिहिलं. तुझं नाव होतं म्हणून शाईने लिहिलं."

त्याने रायफलीची पेटी टेबलावर ठेवली आणि निघाला. बाईंनी त्याला दारातून परत बोलावलं.

"ही इथे ठेवता येत नाही. माझ्याकडे परवाना नाही, आता तुझ्या नावावर आहे ती. तुलाच घेऊन जावी लागेल."

एल्विन परत आला, डाव्या हाताने पेटी उचलली आणि गाडीत नेऊन ठेवली.